अंग विषाणूचं, काम लसीचं!

प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडी, तयार करण्याचं काम आपल्या शरीरातल्या बी पेशींचं. पण या पेशी सहजासहजी कामाला लागत नाहीत. नुसता परका रेणू समोर आला म्हणून त्यांचं समाधान होत नाही. तो कसा मांडलेला आहे, कोणासोबत आला आहे, हेही त्या पारखून घेतात. शास्त्रज्ञांनी यावर काढलेला तोडगा भन्नाट आहे. ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं हवीत तो तुकडा विषाणूच्याच प्रथिनावर बसवायचा आणि बी पेशींपुढे न्यायचा! कोंबड्यांपासून मांजरांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियापासून बार्शीपर्यंत पसरलेल्या या कहाणीतल्या काही चटकदार गोष्टी.

सुरुवात कोंबडीपासून

कोंबडीच्या पचनमार्गाच्या अगदी शेवटी एक छोटी पिशवी असते. इटलीतल्या पाडुआचे शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये छापलं गेलं. ही पिशवी करते काय, हे मात्र पुढची तीनशेहून अधिक वर्षं कुणाला उमगलं नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक ही पिशवी काढलेल्या कोंबड्यांचा अभ्यास करत होते. त्यांचे सहकारी टिमथी चँग यांना वर्गात प्रतिपिंडांचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी यातल्याच काही कोंबड्या नेल्या. टोचणी झाली, दिवस उलटले, पण काही कोंबड्यांमध्ये प्रतिपिंडांचा पत्ताच नाही. त्या नेमक्या पिशवी काढलेल्या निघाल्या! ‘सायन्स’ने हा शोधनिबंध नाकारला. अखेर १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला आणि रोगप्रतिकारशास्त्राची दिशा बदलली. या पिशवीचं नाव बर्सा, त्यावरून या पेशी झाल्या ‘बी’. माणसाला ही पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांतल्या मज्जेत घडतात.

लाखभर हात, पण नेम एकच

एका बी पेशीच्या अंगावर साधारण एक लाख ग्राहक रेणू असतात आणि ते सगळे एकसारखे असतात. म्हणजे एक पेशी आयुष्यभर एकाच आकाराच्या शोधात फिरते. तो आकार सापडला आणि पेशी चेतवली गेली, की ती भराभर विभागते. तिच्या काही वंशज पेशी दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडं रक्तात सोडू लागतात. बाकीच्या लसिकाग्रंथींमध्ये थांबून स्वतःच्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बदल करत राहतात. या बदलांचा वेग इतर जनुकांपेक्षा सुमारे दहा लाख पट जास्त असतो. त्यातून ज्या पेशीची पकड जास्त घट्ट होते ती टिकते, बाकीच्या मरतात. पहिल्या डोसनंतरच्या प्रतिपिंडांपेक्षा पुढच्या डोसनंतरची प्रतिपिंडं सरस का असतात, त्याचं उत्तर या निवडीत आहे.

दोन सह्यांशिवाय काम होत नाही

सरकारी कचेरीत एका सहीवर फाइल पुढे सरकत नाही, तसंच बी पेशीचं आहे. पहिली सही तिच्या ग्राहकाची: ओळखीचा आकार सापडला. दुसरी सही टी पेशीची. ती मिळते कशी, तेही बघण्यासारखं आहे. बी पेशी आपल्या ग्राहकाला चिकटलेला कण अख्खा आत ओढते, त्यातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे पुन्हा पृष्ठभागावर मांडते. एखाद्या टी पेशीने त्यातला तुकडा ओळखला, तर ती बी पेशीला खेटते आणि होकार देते. बी पेशी कणाचा एक भाग ओळखते, टी पेशी दुसरा. दोन्ही भाग एकाच कणावर जोडलेले असले तरच हे जमतं. वाहक प्रथिनाची, म्हणजे हवा तो तुकडा अंगावर वाहून नेणाऱ्या प्रथिनाची, सगळी कल्पना या एका अटीवर उभी आहे. एव्ह्रियन मिचिसन यांनी १९७१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून तिची नीट मांडणी केली.

शर्करेचा बुरखा आणि एव्हरींचे ससे

न्यूमोनियाचे जंतू अंगाभोवती लांबलचक शर्करेचं वेष्टण घेऊन फिरतात. शर्करेत प्रथिन नाही, त्यामुळे टी पेशींना ओळखायला काही मिळत नाही. दुसरी सही अडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी ही शर्करा घोड्याच्या रक्तातल्या प्रथिनाला जोडली आणि सशांना टोचली. सशांनी प्रतिपिंडं तयार केली! ही गोष्ट १९३१ची. आनुवंशिकता डीएनएमध्ये असते हे १९४४ मध्ये दाखवून देणारे एव्हरी ते हेच.

या युक्तीचं लसीत रूपांतर व्हायला अर्धशतक लागलं. लहान मुलांना मेंदूज्वर देणाऱ्या हिब जंतूविरुद्ध नुसत्या शर्करेची लस १९८५ मध्ये अमेरिकेत आली, पण दीड-दोन वर्षांखालच्या बाळांवर तिचा प्रभाव पडेना आणि धोका तर त्यांनाच सर्वाधिक. १९८७ मध्ये वाहक प्रथिन जोडलेली लस आली. त्याआधी अमेरिकेत पाच वर्षांखालच्या सुमारे २० हजार मुलांना दरवर्षी हिबचा गंभीर आजार व्हायचा. तो आता ९९ टक्क्यांहून अधिक घटला आहे.

जुना वाहक फार ओळखीचा झाला तर?

हिब, न्यूमोनिया, टायफॉइड यांच्या लसींत वाहक म्हणून बहुतेक वेळा धनुर्वात किंवा घटसर्पाच्या जंतूंचं निर्विष केलेलं प्रथिन वापरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी बनवलेली मेंदूज्वराची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली, तिचाही वाहक धनुर्वाताचाच. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना द्यायला घेतलेल्या टायफॉइडच्या लसीतही तोच. मात्र एकच वाहक पुन:पुन्हा वापरला, तर कधी कधी अडचण येते. शरीर वाहकाशीच झटापट करत बसतं आणि त्याला जोडलेल्या मुख्य तुकड्याकडे दुर्लक्ष होतं. नवे वाहक शोधण्याचं हे एक मोठं कारण. त्यासाठी विषाणूंची प्रथिनं हाताशी होतीच.

रांगेत उभे राहिलात तरच दखल!

विषाणूच्या कवचावर तीच ती प्रथिनं ठरावीक अंतराने, साधारण ५ ते १० नॅनोमीटरवर, ओळीने बसवलेली असतात. आपल्या शरीरातले स्वतःचे रेणू सहसा असे कवायतीच्या शिस्तीत नसतात. त्यामुळे अशी रांग दिसली की बी पेशीचे अनेक ग्राहक एकाच वेळी ओढले जातात आणि पहिली सही ठसठशीत उमटते. झुरिकमध्ये मार्टिन बाखमन आणि रोल्फ झिंकरनागेल यांच्या गटाने १९९३ मध्ये याचा नामी पुरावा दिला. त्यांनी घेतलेल्या उंदरांच्या अंगातच एका विषाणूचं प्रथिन तयार होत होतं, म्हणून त्यांच्या बी पेशी त्याला आपलंच समजून गप्प होत्या. तेच प्रथिन विषाणूच्या अंगावर ओळीने मांडून दिलं आणि त्याच बी पेशी तडक कामाला लागल्या. रेणू तोच, फरक फक्त मांडणीचा!

रक्तात तरंगणारे रिकामे गोळे

बरूक ब्लुमबर्ग निघाले होते माणसामाणसांच्या रक्तातले आनुवंशिक फरक शोधायला. अनेकदा रक्त घेतलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तद्रव ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी प्रतिक्रिया देतो, असं त्यांना आढळलं. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ निघालं हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूचं पृष्ठभाग-प्रथिन. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

गंमत पुढेच आहे. हा विषाणू यकृतातून खऱ्या कणांपेक्षा हजारो पट अधिक रिकामे गोळे रक्तात सोडतो. व्यास २२ नॅनोमीटर, आत जनुकं नाहीत, संसर्गाची ताकद शून्य. १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली लस रुग्णांच्या रक्तातले हेच गोळे शुद्ध करून बनवली होती. १९८६ मध्ये ते पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये तयार होऊ लागले आणि जनुकीय तंत्राने बनवलेली माणसासाठीची पहिली लस अवतरली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस आणली आणि किंमत झपाट्याने खाली आली.

गाभ्यातलं प्रथिन: दुसऱ्या सहीचीही वाट बघत नाही

याच विषाणूच्या गाभ्याचं प्रथिन तर आणखी जोरकस. २४० प्रथिनं जोडीजोडीने एकत्र येऊन काटेरी चेंडूसारखं कवच बनवतात, त्यावर १२० टोकं बाहेर आलेली असतात. १९८६ मध्ये डेव्हिड मिलिच आणि अ‍ॅलन मॅकलॅकलन यांनी दाखवलं, की टी पेशी नसलेले उंदीरसुद्धा या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात आणि टी पेशी असल्या तर प्रतिसाद आणखी वाढतो. माणसाच्या रक्तपेशी सोडलेल्या उंदरांवरच्या प्रयोगातून २००१ मध्ये पुढची गोष्ट कळली. या विषाणूशी कधीच गाठ न पडलेल्या माणसांच्या बी पेशीही हे प्रथिन पकडतात आणि चेतवल्या जातात.

मग वाहक म्हणून याहून चांगला उमेदवार कोणता? १९८७ मध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकताच्या विषाणूचा एक छोटा तुकडा या कवचावर बसवला गेला. एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या त्या तुकड्याला अख्ख्या विषाणूच्या तोडीचा प्रतिसाद मिळू लागला. तेव्हापासून त्या टोकांवर नाना रोगांचे तुकडे बसवून पाहिले गेले आहेत.

लस हिवतापाची, अंग काविळीच्या विषाणूचं

हिवतापाचा परजीवी डासाच्या चाव्यातून शरीरात शिरतो, तेव्हा त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्यात चार अमिनो आम्लांचा एकच क्रम पुन्हा पुन्हा येतो. हा भाग हिपॅटायटिस बीच्या पृष्ठभाग-प्रथिनाला जोडून यीस्टमध्ये वाढवला, की हिवतापाचे तुकडे मिरवणारे गोळे आपोआप तयार होतात. या कल्पनेवरच्या ‘आरटीएस,एस’ लसीचं काम १९८७ मध्ये सुरू झालं. दहा वर्षांनी सात स्वयंसेवकांना लस देऊन हिवतापाच्या परजीवींनी भरलेले डास मुद्दाम चावू दिले, त्यातले सहा जण सुरक्षित राहिले! २०१९ पासून मलावी, घाना आणि केनियात ती मुलांना देण्यात आली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली.

तिची पुढची पिढी म्हणजे ‘आर२१’. ऑक्सफर्डची रचना, उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं. आधीच्या लसीत हिवतापाचा तुकडा नसलेली काविळीची प्रथिनंच जास्त होती. आर२१मध्ये प्रत्येक प्रथिनावर हिवतापाचा तुकडा आहे, म्हणून गोळ्यावरची त्यांची दाटी वाढली. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिची शिफारस झाली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये मुलांना ती मिळू लागली. तिच्यासोबत दिला जाणारा चेतक पदार्थ येतो चिलीतल्या किलाया या झाडाच्या सालीतून. पाण्यात घुसळली की ही साल साबणासारखा फेस देते.

बार्शी-पुण्याच्या मुलींनी जगाला दिलेलं उत्तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं कवच-प्रथिन आपोआप रिकामं कवच उभारतं, हे ऑस्ट्रेलियात जियान झोऊ आणि इयन फ्रेझर यांनी १९९१ मध्ये दाखवलं. त्यात ३६० प्रथिनं चपखल बसलेली असतात. इथे वाहकही विषाणू आणि लक्ष्यही तोच! २००६ मध्ये लस बाजारात आली, पण झोऊ ते पाहायला नव्हते. १९९९ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

भारतात २००९ मध्ये या लसीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी आणि पुणे ही केंद्रंही होती. २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकल्पातल्या वादामुळे सरकारने अशा सगळ्याच चाचण्यांतलं लसीकरण थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि त्यातल्या हजारो जणींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी हिशेब मांडला, तर टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के, तीन डोसांचं ९३.३ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरेसा ठरू शकतो असं मान्य केलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी सीरमच्या ‘सर्व्हावॅक’ या देशी लसीला मंजुरी मिळाली.

सुई मांजराला, आराम मालकाला

काकडीवर पडणारा मोझॅक विषाणू जळगावच्या केळी उत्पादकांना ‘सीएमव्ही’ म्हणून चांगलाच ठाऊक आहे. केळीच्या बागा उपटायला लावणारा हा विषाणू झुरिकच्या संशोधकांनी कामाला लावला. त्याच्या कवचात धनुर्वाताच्या प्रथिनाचा एक तुकडा गुंफला, म्हणजे टी पेशींची सही पक्की झाली. कवचावर बसवलं मांजराच्या लाळेत आणि कातडीत असणारं प्रथिन, ज्याने माणसांना शिंका येतात. ही लस ५४ मांजरांना दिली. मांजरांनी स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आणि त्यांच्या अंगावरचा उपद्रवी माल घटला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

रक्तदाबावर लस, सिगारेटवर लस

क्यूबीटा नावाचा विषाणू माणसाला नाही, जिवाणूंना लागतो. त्याच्या कवचात १८० प्रथिनं असतात. त्यावर रक्तदाब वाढवणारा अँजिओटेन्सिन हा रेणू बसवून ७२ रुग्णांवर लस तपासली गेली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या डोसमुळे दिवसाचा वरचा रक्तदाब ९ अंकांनी उतरला होता. पुढच्या चाचण्यांत मात्र तसं यश टिकलं नाही. याच कवचावर निकोटिन बसवलेली लसही आली. ज्यांच्यात प्रतिपिंडं भरपूर तयार झाली त्यांच्यात सिगारेट सुटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण सर्वांचा मिळून हिशेब केला तेव्हा ती कमी पडली. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: बी पेशींना चेतवणं साधतं, पण पुरेशी प्रतिपिंडं सगळ्यांमध्ये तयार करणं ही खरी कसोटी आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

जिवाणूंच्या कवचातली एक विशिष्ट मेदशर्करा दिसली की उंदराच्या बी पेशी लगेच चेतवल्या जातात. माणसाच्या बी पेशी तिला फारशी दाद देत नाहीत, कारण ती ओळखणारा ग्राहक त्यांच्यावर जवळजवळ नसतो. मात्र जंतूंच्या डीएनएची धाटणी ओळखणारा ग्राहक माणसाच्या बी पेशींत आहे. त्याचा फायदा घेऊन हिपॅटायटिस बीच्या प्रथिनासोबत कृत्रिम डीएनएचे बारीक तुकडे देणारी लस २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. प्रौढांना नेहमीच्या तीन डोसांऐवजी महिन्याच्या अंतराने दोनच पुरतात. उंदरात चाललेली लस माणसात का अडते, याची उत्तरं अशा फरकांत दडलेली असतात.

बी पेशींची नस ओळखणारा विषाणू

१९६४ मध्ये सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला आहे, तोही बी पेशींमध्येच! त्याचं एक प्रथिन बी पेशीवरच्या सीडी२१ नावाच्या रेणूला धरून आत शिरतं. आत गेल्यावर त्याची दुसरी प्रथिनं चक्क दोन्ही सह्यांची नक्कल करतात. सीडी२१ची खरी नेमणूक वेगळी आहे: रक्तातल्या पूरक प्रथिनाने खूण केलेला कण ओळखणं. १९९६ मध्ये केंब्रिजमध्ये या खुणेच्या तीन प्रती एका प्रथिनाला जोडल्या, तर उंदरांच्या बी पेशी चेतवायला दहा हजार पट कमी मात्रा पुरली.

नव्वद वर्षांची आठवण

एकदा नीट चेतवलेली बी पेशी किती काळ लक्षात ठेवते? १९१८च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या ३२ ज्येष्ठांचं रक्त २००८ मध्ये तपासलं गेलं. त्यांची वयं ९१ ते १०१. प्रत्येकाच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं सापडली आणि काहींच्या बी पेशी तर अजून ती तयार करू शकत होत्या. लसीने दिलेली आठवणही चिवट असते. हिपॅटायटिस बीची प्रतिपिंडं रक्तातून ओसरली, तरी संरक्षण किमान वीस वर्षं आणि बहुधा जन्मभर टिकतं.

आता तुमच्या घरातली गोष्ट

हे सगळं विज्ञान तुमच्या बाळाच्या लसीकरण कार्डावर आजही आहे. जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळणारी हिपॅटायटिस बीची लस म्हणजे ते २२ नॅनोमीटरचे रिकामे गोळे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलंटमध्ये हेच गोळे असतात आणि सोबत वाहक प्रथिन जोडलेली हिबची शर्करा. हे डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बी पेशींची आठवण पक्की होते ती ठरल्या वेळी मिळालेल्या पुढच्या डोसांनी, म्हणून एकही तारीख चुकवू नका. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा.